गाळातल्या किड्यांवरून जुना दुष्काळ कळतो का?

प्रश्न: कोल्हापूरच्या कळंबा तलावाचा भेगाळलेला गाळ दाखवून आजोबा ७२चा दुष्काळ सांगायचे. त्या गाळात खरंच काही खूण राहते का?

उत्तर १: राहते की! न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्या तळाशी वाढतात. कात टाकताना डोक्याचं कवच गळतं. कायटिन या चिवट पदार्थाचं असल्यानं हजारो वर्षं टिकतं. मी गाळ कॉस्टिक पोटॅशच्या (गाळ सुटा करणाऱ्या क्षाराच्या) पाण्यात भिजवून बारीक चाळणीतून धुते आणि सूक्ष्मदर्शकाखाली कवचावरच्या दातांवरून प्रकार ओळखते. तासन्‌तास मान मोडते, पण एक अख्खं कवच दिसलं की जीव हरखतो! तळं आटून पाणी खारावलं की खारं सोसणारे प्रकार वाढतात.

प्रश्नकर्ता: ताई, मग रंकाळा तलावात बघूया?

उत्तर १: गाळ उपसला असेल तिथं थर मिसळतात. न हललेली जागा हवी. शिसे-२१० (ठरावीक वेगानं घटत जाणारं किरणोत्सारी शिसं) थरात किती उरलंय, त्यावरून गेल्या शंभरेक वर्षांतल्या थरांचं वय काढता येतं.

उत्तर २: सांडपाण्यानं प्राणवायू घटला तरी याच चिलटांच्या लाल अळ्या माजतात. त्याला दुष्काळ समजू नका.