नवी नोकरी, दहा आठवड्यांनी घर हलवायचं आणि दोन बाइक: मधल्या काळात गाड्यांचं काय करावं?

मोकळी_वाट

येत्या १ तारखेला नव्या ठिकाणी रुजू व्हायचं आहे. घर हलायला अजून साधारण १० आठवडे लागतील. तोवर मुक्काम तिकडे तात्पुरत्या खोलीत आणि गाड्या इकडे, बंदिस्त पार्किंगमध्ये. दोन्ही ठिकाणांमधलं अंतर ९०० किमी.

गाड्या दोन आहेत. एक १५० सीसी, कार्ब्युरेटरची, बारा वर्षं जुनी. दुसरी ४०० सीसी, फ्युएल इंजेक्शनची, दर रविवारी दोन-अडीचशे किमी फिरणारी. विकायची एकही नाही.

१) शेजारी दर आठवड्याला पाच मिनिटं दोन्ही गाड्या चालू करून ठेवायला तयार आहेत. तेवढं पुरेल का?
२) १५० ट्रकनेच जाईल. ४०० चालवत न्यावी की तीही ट्रकमध्ये टाकावी?
३) नवं घर ऑफिसपासून ४ किमी. सुरुवातीच्या महिन्यांत कामाचा ताण असणारच. त्यात रायडिंग कसं टिकवायचं?

फ्लोटबाउल

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. शेजाऱ्यांना मनापासून धन्यवाद द्या आणि गाड्या चालू करू नका म्हणून सांगा. गाडी एक तर नीट फिरती ठेवावी, नाही तर नीट झोपवावी. मधली अवस्था सगळ्यात वाईट.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण तेवढंच पाणी वाफेच्या रूपाने तयार होतं. पाच मिनिटांत ना इंजिन पुरेसं तापत ना सायलेन्सर, त्यामुळे ती वाफ बाहेर न पडता आतच पाणी होऊन बसते. सायलेन्सर आतून गंजतो. इंजिनातलं पाणी ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल भरायचं झाकण उघडलं की खालच्या बाजूला दुधाळ पिवळट लेप दिसतो, तो यामुळेच. शिवाय सेल्फ मारताना बॅटरीतून जेवढं जातं, ते पाच मिनिटांच्या आयडलिंगमध्ये परत भरत नाही. दहा आठवडे असं दहा वेळा केलं की अकराव्या वेळी सेल्फ फक्त टकटक करतो.

झोपवायचा क्रम असा ठेवा, उलटसुलट करू नका. आधी गाडी धुवा. मग पेट्रोल स्टॅबिलायझर बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत टाकीत ओता आणि वरून पेट्रोल भरा. गळ्यापासून दोन-तीन सेंटिमीटर जागा सोडा, उन्हाने पेट्रोल फुगतं. टाकी जवळजवळ भरलेली असली की आत दमट हवा कमी राहते आणि लोखंडी पत्रा गंजत नाही. आता २०-३० किमी चालवा. यात तीन कामं होतात: धुतलेलं पाणी सुकतं, स्टॅबिलायझर मिसळलेलं पेट्रोल इंजेक्टर आणि कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं, आणि ऑइल गरम होतं. गरम असतानाच ऑइल बदला. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि ओलावा असतो, तो बेअरिंगांवर महिनोन्महिने बसू देऊ नका. नवीन ऑइल घातल्यावर दोन मिनिटं इंजिन चालू करून ते सगळीकडे फिरू द्या.

१५० ला एक पायरी जास्त आहे आणि ती अजिबात चुकवू नका. टाकीखालचा पेट्रोल कॉक बंद करा, कार्ब्युरेटरच्या खालच्या पेट्रोलच्या वाटीला म्हणजे फ्लोट बाउलला तळाशी छोटा ड्रेन स्क्रू असतो तो एक-दीड फेरा सैल करा आणि नळीतून येणारं पेट्रोल काचेच्या बरणीत धरा. तळाशी पाण्याचे थेंब वेगळे गोळा झालेले दिसले, तर धार स्वच्छ येईपर्यंत कॉक उघडून थोडं पेट्रोल जाऊ द्या आणि मग पुन्हा बंद करून बाउल रिकामा करा आणि स्क्रू परत आवळा. बाउलमध्ये राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे तपकिरी, चिकट थर उरतो. आयडलिंगला पेट्रोल सोडणाऱ्या पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. एवढासा थरही ते बंद करायला पुरतो. मग गाडी चोकवर चालू होते, चोक काढला की बंद पडते. त्यावर कार्ब्युरेटर उघडून साफ करण्यावाचून इलाज नसतो. फ्युएल इंजेक्शनवाल्या ४०० ला हे काही करायचं नाही, फक्त टाकी रिकामी ठेवू नका.

बॅटरी दोन्ही गाड्यांची काढा. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना पॉझिटिव्ह आधी. म्हणजे पाना चुकून चासीला लागला तरी ठिणगी उडत नाही. पूर्ण चार्ज केलेली बॅटरी काही तास तशीच ठेवून मोजली तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली गेली की चार्ज करायची. तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेट जमतं आणि बॅटरी कायमची कमजोर होते. चार्जिंगचा करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाएवढा धरा, म्हणजे ९ अँपिअर-तासाच्या बॅटरीला ०.९ अँपिअर. लिथियम असेल तर तिचाच चार्जर लागतो.

चाक_आणि_चेन

वर सांगितलं त्याच्याशी सहमत. शेजारी मदत करायला तयार आहेत तर त्यांना योग्य काम द्या. दर तीन आठवड्यांनी मल्टिमीटरने बॅटरी मोजणं, मेन स्टँडवर नसलेली गाडी पाव फेरा पुढे ढकलणं, आणि उंदरांची लेंडी किंवा कुरतडलेला कागद दिसतो का बघणं. उंदरांना एअर फिल्टरचा डबा आणि सीटखालची वायरिंग फार आवडते. सायलेन्सरच्या तोंडात स्वच्छ फडक्याचा बोळा घाला आणि त्याच वेळी हँडलला चिठ्ठी बांधा: "बोळा काढा, बॅटरी लावा." दहा आठवड्यांनी हे आठवत नाही.

चेन रॉकेलने आणि मऊ ब्रशने साफ करा, कोरडी पुसा, मग ल्युब लावा. ओ-रिंगची चेन असेल तर पेट्रोल आणि तारेचा ब्रश दोन्ही वर्ज्य. रबराच्या रिंगा फाटल्या की आतलं ग्रीस जातं आणि चेनचं आयुष्य तिथेच संपतं. टायरमध्ये मॅन्युअलमध्ये दिली आहे तेवढी पूर्ण हवा भरा. कव्हर कापडी घ्या. प्लास्टिकखाली दमटपणा कोंडतो आणि क्रोमवर ठिपके येतात.

आता दुसरा प्रश्न. रुजू झाल्यानंतर अडीच महिन्यांत तुमच्याकडे सुट्या फारशा नसतील, त्यामुळे हिशोब किलोमीटरचा नको, दिवसांचा करा. ९०० किमीला दोन दिवस आणि कामावर जायच्या आधी एक पूर्ण मोकळा दिवस, असे तीन दिवस सलग मिळत असतील तर ४०० चालवत न्या. नसतील तर ट्रक. रविवारी रात्री पोचून सोमवारी नव्या ऑफिसात बसायचं हा बेत ठरवूच नका. थकव्यातला शेवटचा दीडशे किमीचा टप्पाच धोक्याचा असतो.

चालवत नेणार असाल तर झोपेतून उठवलेली गाडी थेट लांब पल्ल्याला काढू नका. आधी ४०-५० किमी फिरवा, रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी खाली तेलाचा डाग, टायरची हवा, फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) सीलभोवती ओल आणि ब्रेकचा कडकपणा तपासा. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर निघण्याआधी बदला. ते हवेतलं पाणी शोषतं, उत्कलनबिंदू उतरतो आणि घाटात सतत ब्रेक लावल्यावर लिव्हर मऊ पडतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, त्यातले पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी रबर कडक झालेलं असू शकतं, तारीख बघाच.

घर हलवताना गाडीवर जास्तीचं सामान लादायचा मोह होतो. मॅन्युअलमधली भारमर्यादा घ्या आणि वजाबाकी करा. समजा मर्यादा १८० किलो, तुम्ही ७८, हेल्मेट-जॅकेट-बूट मिळून ८; उरले ९४, आणि त्यात कॅरिअर व पेट्यांचं स्वतःचं वजनही आलं. जड वस्तू खाली आणि सीटच्या जवळ. टॉप बॉक्समध्ये पुस्तकं भरली तर मोठ्या वेगात पुढचं चाक हलकं होऊन हँडल थरथरतं. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा ताण, वाढवा, हवा दोघांच्या भाराच्या तक्त्याप्रमाणे भरा आणि हेडलाइट खाली वळवा. मागे भार आला की तो समोरच्यांच्या डोळ्यांत जातो.

रॅचेट

ट्रकबद्दल लिहितो. गाडीचं बहुतेक नुकसान चुकीच्या बांधणीनेच होतं.

आधी एक अडचण. वर टाकी भरून ठेवायला सांगितलं आहे आणि झोपेसाठी ते बरोबरच आहे. पण भरल्या टाकीची गाडी बरेच वाहतूकदार घेत नाहीत. १५० ची टाकी ट्रक यायच्या आदल्या दिवशी रिकामी करा: कॉकवरची नळी काढा, दुसरी लांब नळी लावा, पेट्रोल धातूच्या झाकणबंद कॅनमध्ये उतरवा. मोकळ्या हवेत, इंजिन गार असताना. तोंडाने ओढायचं नाही, कधीच नाही.

चढवायला फळी निदान अडीच मीटर लांब घ्या आणि तिचं वरचं टोक ट्रकला दोरीने बांधा. गाडी चढताना फळी मागे सरकते आणि गाडी मधेच खाली येते. दोघांनी ढकला, इंजिन बंद. हौद्याच्या कडेला इंजिनाचं बूड घासतं का ते बघा.

गाडी सरळ उभी, पुढचं चाक समोरच्या भिंतीला किंवा चाकाच्या खाचेला टेकलेलं, पहिल्या गिअरमध्ये. चार पट्टे लागतात. पुढचे दोन खालच्या टीवर (फोर्कच्या दोन्ही नळ्या धरणाऱ्या खालच्या पट्टीवर) मऊ लूप म्हणजे कापडी फास घालून, तिथून खाली, पुढे आणि बाहेरच्या बाजूला ४५ अंशांत. हँडलच्या टोकांना बांधू नका, हँडल वाकतं. लोखंडी हुक थेट गाडीला अडकवला तर रंग जातो आणि खड्ड्यात फोर्क दबल्यावर हुक सुटतोही; म्हणून मऊ लूप. ब्रेकचा होज आणि क्लच केबल पट्ट्याखाली चिरडत नाही ना, ते हात घालून बघा.

किती आवळायचं? फोर्कच्या चकचकीत नळीचा उघडा भाग पट्टीने मोजा. समजा १३० मिमी आहे; दोन्ही बाजू आळीपाळीने थोडं थोडं आवळत तो ८५-९० वर आणा आणि थांबा. पूर्ण दाबला तर सील फुटतात, कमी दाबला तर खड्ड्यात पट्टे ढिले पडतात. तो आकडा टेपवर लिहून टाकीवर चिकटवा. पहिल्या २०-३० किमीनंतर थांबून पुन्हा मोजा. ९० चे १०५ झाले असतील तर पट्टा सैल आहे. मागचे दोन पट्टे फक्त गाडी आडवी सरकू नये म्हणून, बेताचे. लोंबणारी टोकं बांधून टाका, वाऱ्याने फडफडून ती टाकीचा रंग घासतात.

आरसे काढा, चारही बाजूंनी आणि ओडोमीटरचा फोटो घ्या. वाहतुकीतलं नुकसान तुमच्या नेहमीच्या विम्यात धरलं आहे का ते लेखी विचारा. उतरवून घेताना आधी तपासा, मगच पावतीवर सही करा आणि ओरखडा दिसला तर त्याच पावतीवर लिहा.

मोकळी_वाट

फार उपयोग झाला. सलग तीन दिवस मिळतील असं वाटत नाही, त्यामुळे ४०० पण ट्रकमध्येच. वाहतूकदार म्हणतोय, साइड स्टँडवर उभी करून दोन पट्टे बांधतो. चालेल का?

रॅचेट

नाही. प्रत्येक धक्क्याला सगळं वजन स्टँडच्या एका ब्रॅकेटवर येतं, ब्रॅकेट वाकतं, आणि गाडी कलली की पट्टा ढिला होतो. मेन स्टँडवरही नको. दोन्ही चाकं हौद्यावर, स्टँड वर. त्याच्याकडे पट्टे कमी असतील तर प्रत्येक गाडीसाठी चार रॅचेट पट्टे आणि चार मऊ लूप तुम्हीच घेऊन द्या, आणि चढवताना स्वतः हजर राहा. ४०० ची टाकीही पाव भरलेली किंवा त्याहून कमीच ठेवा. तिला कॉक नसेल तर हातपंपाने उपसा.

रोजची_रपेट

तिसरा प्रश्न राहिला आहे. ४ किमीच्या ऑफिसला ४०० रोज नेऊ नका. एवढ्या अंतरात इंजिन तापायच्या आत बंद होतं. पाच मिनिटांच्या आयडलिंगचं जे वर लिहिलंय तेच रोज दोनदा होईल. १५० वापरा, आणि तिलाही आठवड्यातून एकदा घरी परतताना लांबचा रस्ता घेऊन अर्धा तास पळवा. अशा वापरात ऑइल निम्म्या अंतरावर बदला, आणि अंतर भरलं नाही तरी वर्षातून एकदा बदलाच.

रविवारचे अडीचशे किमी पहिले दोन-तीन महिने सोडा. त्याऐवजी शनिवारी सकाळी ठरावीक वेळ, दोन तास, ७०-८० किमी. दिवसभराचा बेत कामामुळे सहज मोडतो. दोन तासांचा सहसा मोडत नाही, आणि हाताला सवय राहते. आठवड्यात झोप अपुरी झाली असेल तर तो शनिवार सोडून द्या. नवे रस्ते, नवं ट्रॅफिक आणि अर्धवट झोप एकत्र आली की चूक होते. ऑफिसचा रस्ता सुटीच्या दिवशी बघू नका; कामाच्या दिवशी, कामाच्याच वेळेला एकदा जाऊन बघा. हेल्मेट आणि ओला रेनकोट ठेवायला जागा आहे का, तेही विचारून घ्या.

नवं घर पक्कं करण्याआधी पार्किंग मोजा. एका गाडीला साधारण २.२ मीटर लांब आणि १ मीटर रुंद जागा लागते. जमिनीत साखळीसाठी कडी ठोकायची परवानगी घरमालकाकडून आधीच घ्या. नोंदणी आणि विम्यावरचा पत्ता बदलायची मुदत काय आहे, हे नव्या ठिकाणी गेल्यावर लगेच बघा.

सामान बांधताना एक खोका वेगळा ठेवा: पाने, चार्जर, हवेचा पंप आणि गेज, चेन ल्युब, दुसरी चावी, ग्लोव्ह्ज, कॉकवरून काढलेली नळी. हा शेवटी चढतो आणि पहिला उतरतो. नाही तर बॅटरी लावायला दहाचा पाना सापडेपर्यंत दोन आठवडे जातात. गाड्यांची कागदपत्रं मात्र त्यात नको, ती अंगावरच्या बॅगेत.

फ्लोटबाउल

गाड्या उठवतानाचं राहिलं होतं. बोळा काढा, बॅटरी लावा, हवा भरा. चालू करण्याआधी गाडी गिअरमध्ये टाका, क्लच दाबून पुढे-मागे हलवा. दहा आठवड्यांत क्लच प्लेटा एकमेकींना चिकटतात, त्या अशाने सुटतात. ४०० ला चावी फिरवून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, असं दोनदा करा, मग सेल्फ. १५० च्या कॉकवरची नळी परत लावा, रिकाम्या टाकीत ताजं पेट्रोल घाला, कॉक उघडून एक मिनिट बाउल भरू द्या, मग चोक. ड्रेनमधून गळतंय का तेवढं बघा. बाउल भरला की पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई अडकली असेल तर पेट्रोल बाहेर येतं. अशा वेळी बाउलवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच दोन-तीनदा ठोका, बहुतेक वेळा सुई जागेवर बसते. डिस्कवर गंजाचा पातळ थर असेल, तो पहिल्या चार-पाच हलक्या ब्रेकमध्ये जातो. तोवर पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवा.