अद्भुतकथा लिहिताना कुठे अडलात? अनुभव सांगा

गेले चार महिने मी एकच कथा परत परत लिहितोय. येऊरच्या जंगलात एक विहीर, तिच्यात वाकून काही विचारलं की खरं उत्तर येतं. लिहून झाली, मैत्रिणीला वाचायला दिली, तिने एवढंच विचारलं, "मग हा रोजच का जात नाही विहिरीवर?" तिथेच सगळं ढासळलं. जादू फुकट मिळत होती म्हणून कथेला धाकच नव्हता. आता प्रत्येक उत्तरामागे तो ओळखीच्या एका माणसाचं नाव विसरतो. एवढं बदललं आणि मधली बारा पानं आपोआप गळून पडली. तुमचं काय झालं, सविस्तर लिहा.

चेंदणी, ठाणे
माझ्या कथेतली मुलगी पौष पौर्णिमेला रात्री बारा वाजता ओहोटीच्या चिखलातून चालत खाडी ओलांडते, पलीकडे तिला बुडालेलं गाव दिसतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या कोळीवाड्यातच वाढलेल्या. बुडालेल्या गावाबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत, म्हणाल्या, "अगो, पुनवेला बारा वाजता खाडी तुडुंब, ही पोर चालली कशावरून?" मग हिशोब शिकवला, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा 15, म्हणजे सव्वाअकरा, दिवसाही आणि रात्रीही, आत खाडीत थोडं उशिराच. मी म्हटलं अष्टमी करते, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे बाराला ओहोटी. तर म्हणाल्या अष्टमीला भांग, तेव्हा पाणी फार हटतच नाही, चिखल उघडा पडायला उधाणाचीच ओहोटी हवी. शेवटी पौर्णिमाच ठेवली आणि तिला पहाटे साडेपाचला उतरवलं. आता ती परत निघते तेव्हा उजाडायला लागलेलं असतं, रोहित पक्षी चिखलात चोची घालून चरतायत आणि पाणी मागून चढत येतंय. हा प्रसंग मला एकटीला कधीच सुचला नसता. वाचणाऱ्याने बुडालेल्या गावावर विश्वास ठेवायचा असेल तर खाडी खरी पाहिजे, हे मला सासूबाईंमुळे कळलं.

कोपरखैरणे
नायिकेचं नाव माया होतं, शेवटच्या दिवशी रेवा केलं, फाइंड-रिप्लेस मारलं आणि तशीच कथा एका दिवाळी अंकाला पाठवली. छापून आली त्यात राजाला "दयारेवा नाही" आणि आजी "रेवाळू". तिकडेही कुणी प्रूफ बघितलं नव्हतं, पण चूक माझीच, फार वाईट वाटलं. तेव्हापासून शेवटचा खर्डा प्रिंट काढून मोठ्याने वाचते, ठाणे-वाशी लोकलमध्ये जागा मिळाली तर पुटपुटत. त्यात दुसरीच गोष्ट सापडली, माझा वेताळ पहिल्या पानावर पोराला "आपण" म्हणतो आणि चौथ्यावर "तू". ते तसंच ठेवलं, फक्त तो कुठे घसरतो ती जागा नीट निवडली, पोराने त्याच्याकडे पाठ फिरवली तिथे.

वाशी
मी संपादन करते. अद्भुतकथांमध्ये सगळ्यात जास्त कात्री पहिल्या तीन पानांना लागते, सात पिढ्यांचा इतिहास, नद्यांची नावं, कोणता राजा कुणाचा मामा. लेखकाला ते सगळं माहीत असावंच, वहीत ठेवावं. एकदा 9000 शब्दांची कथा 4000 वर आणली, लेखक आठवडाभर बोलला नाही, मग त्यानेच अजून 300 काढले. आणि नावं जरा जिभेवर घोळवून बघा, प्रत्येकजण विक्रमसेन-चंद्रसेन असला की तिसऱ्या पानावर कोण मेला तेच कळत नाही.

येऊरची विहीरवाला
पाऊणपटीचं मला खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या एका कथेत माझं गलबत अमावस्येला दुपारी तीनला घोडबंदरच्या धक्क्याला लागतं. अमावस्येलाही 15च धरायचे ना? म्हणजे तेव्हा पाणी उतरत असणार. आज रात्री ते पान काढतो.