पहिल्या वर्षाला खटले शिकवावेत की खरेदीखतं?

बांधावरचा
एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. करार, मालमत्ता हस्तांतरण, अपकृत्य (टॉर्ट, म्हणजे नुकसानभरपाईचा कायदा), कौटुंबिक कायदा, असे खाजगी कायद्याचे सगळे पेपर झाले, मार्कही बरे पडले. तरी माझं ठाम मत झालंय की हा पाया आपल्याकडे उलटा घातला जातो. सुरुवातच लंडनच्या कार्बोलिक स्मोक बॉलनं, म्हणजे जाहिरातीतल्या वचनावरच्या इंग्रजी खटल्यानं (१८९३). मग निष्काळजीपणावरचा स्कॉटलंडचा खटला: पेस्लीतली जिंजर बिअरची बाटली आणि तिच्यातली गोगलगाय (१९३२). विसार पावती, साठेखत, हक्कसोडपत्र यांतला एकही कागद तीन वर्षांत वर्गात आला नाही.

एवढं का लागलंय ते सांगतो. आत्याच्या लग्नासाठी वडिलांनी दोन एकर 'मुदत खरेदी' दिली होती. पाच वर्षांत पैसे फेडले की जमीन परत, असं ठरलं. खरेदीखत नोंदणीचं, विनाअट. परत देण्याची कबुली मात्र वेगळ्या स्टॅम्पपेपरवर, त्याच दिवशी, त्याच माणसाच्या अक्षरात. मुदत संपल्यावर सात महिन्यांनी वडील पैसे घेऊन गेले. समोरच्यानं कबुलीवरच्या तारखेवर बोट ठेवलं आणि विषय संपला.

दुसऱ्या वर्षी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मधलं कलम ५८ आलं. सरांनी गहाणाचे सहा प्रकार फळ्यावर लिहिले, आम्ही उतरवून घेतले. सशर्त विक्रीच्या गहाणाखाली १९२९ साली घातलेलं एक परंतुक (कलमाला जोडलेली मर्यादा) आहे: परत देण्याची अट विक्रीच्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण मानायचा नाही. वर्गात ते एका वाक्यात उरकलं. मी घरी येऊन ट्रंकेतले दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून ते पुन्हा वाचलं. अट त्याच खरेदीखतात असती तर ते गहाण ठरलं असतं आणि सोडवून घ्यायला ३० वर्षं मिळाली असती. कागद वेगळा झाला म्हणून सात महिन्यांच्या उशिरानं जमीन गेली.

म्हणून म्हणतो, आधी कागद हातात द्या, मग कलम, मग खटला.

करार_एक
मी लॉ कॉलेजात करार कायदा शिकवते, चौदा वर्षं झाली. तुमच्या वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. पण तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही, आणि एक चूक तर लगेच दुरुस्त करायला हवी. अट त्याच दस्तात असली की गहाण ठरलंच, असं नाही. चुनचुन झा विरुद्ध इबादत अली (१९५४) मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अट एकाच दस्तात असेल तर पुढं हेतू बघायचा. कर्ज होतं का? किंमत बाजारभावाच्या किती खाली? ताबा कुणाकडे राहिला? परंतुकानं फक्त दार उघडं राहतं. आत काय आहे ते धनको-ऋणको हे नातं समजल्याशिवाय कळत नाही, आणि ते कागद चाळून समजत नाही.

दुसरं उदाहरण मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष, १९०३. कलकत्त्यातलं २० हजारांचं गहाणखत. सही होती, वय पूर्ण झाल्याचं लिहून दिलेलं निवेदनही होतं. कागदात खोट नव्हती. पण मुलगा अज्ञान, म्हणजे कायद्यानं वयात न आलेला होता, म्हणून प्रिव्ही कौन्सिलनं (तेव्हाचं लंडनमधलं शेवटचं अपील न्यायालय) करार मुळातच शून्य ठरवला. कागदापासून सुरुवात करणाऱ्या विद्यार्थ्याला हा निकाल अन्याय वाटेल. संविदा (करार) अधिनियम, १८७२ चं कलम ११, म्हणजे करार कोण करू शकतो ते, आधी समजलेल्याला तो अपरिहार्य वाटेल. विद्यापीठात वकील घडवायचे आहेत, दस्तलेखक नव्हे.

तालुका वकील
मॅडम, मान ठेवून सांगतो, दस्तलेखकाला कमी लेखू नका. तुमच्या वर्गातून पहिल्या श्रेणीत आलेला मुलगा माझ्याकडे ज्युनिअर म्हणून येतो आणि पक्षकाराला सांगतो, "अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स आहे ना, मग नोंदणी लागत नाही." हे त्यानं एजंटकडून ऐकलेलं असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५ त्यानं उघडूनही पाहिलेलं नसतं. मुदत कितीही असो, करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, जोवर उलट सिद्ध होत नाही तोवर. एका म्हाताऱ्या घरमालकीणबाईंना हे मी समजावून सांगितलं तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मग त्या पोराला वकील कशाला म्हणायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

बांधावरचा, तुम्हाला एक विचारायचंय. समोरच्यानं गावात आणखी कुणाकुणाच्या जमिनी अशाच लिहून घेतल्यात का? २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात कलम १८ आहे. सावकारीच्या ओघात जमीन गेल्याचं दिसलं तर जिल्हा निबंधक विक्रीचा दस्त अवैध ठरवू शकतो. मात्र मागं किती वर्षं जायचं याला मर्यादा आहे, तेव्हा तारखा नीट काढा.

पहिल्या सत्रातली
मी या वर्षीच आलेय, त्यामुळे चुकलं तर सांगा. मला खटल्यांमुळेच विषय कळला. लालमन शुक्ला विरुद्ध गौरी दत्त, १९१३. मालकाचा पुतण्या हरवला, मुनीम कानपूरहून त्याला शोधत हरिद्वारकडे निघाला. तो गेल्यावर इकडे ५०१ रुपयांचं बक्षीस जाहीर झालं. त्यानं मुलगा शोधून आणला, बक्षिसाचं नंतर कळलं, आणि कोर्टानं ते नाकारलं, कारण जो प्रस्ताव माहीतच नव्हता तो स्वीकारला कसा? ही गोष्ट मी घरी आजीला सांगितली. ती चिडली. "शोधून तर त्यानंच आणला ना!" त्या रात्री तिला पटवून देताना मला पहिल्यांदा कळलं की वचन आणि करार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खरेदीखत वाचून हे कळलं असतं असं मला वाटत नाही.

अडचण भाषेची आहे. 'कन्सिडरेशन'ला एका पुस्तकात प्रतिफल, दुसऱ्यात मोबदला, आणि वर्गात नुसतंच इंग्रजी. मला अर्थ लागतो तो मोबदला या शब्दानं, पण पेपरात तो लिहायची भीती वाटते.

मांडवीपलीकडचा
गोव्यातून लिहितोय. तुम्ही सगळे १८७२ आणि १८८२ च्या चौकटीत बोलताय, पण खाजगी कायद्याचा पाया याहून वेगळाही असू शकतो. आमच्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता. वारसाहक्काचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आलाय. व्यक्ती, मालमत्ता, करार, वारसा, हे सगळं एकाच संहितेत ओवलेलं होतं. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामायिक होते, म्हणून घर विकताना दोघांच्या सह्या लागतात. मुलांचा अर्धा वाटा बाप मृत्युपत्रानं सहसा काढून घेऊ शकत नाही.

माझ्या बहिणीचं लग्न पुण्यात ठरलं तेव्हा मुलाकडच्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांच्या घरातला लॉ शिकलेला चुलतभाऊ तर म्हणाला, असं भारतात कुठं असतं? सर्वोच्च न्यायालयानं २०१९ च्या कुतिन्हो निकालात सांगितलंय की गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही वारसाहक्काचा हाच कायदा लागू होतो. मुंबईत फ्लॅट असलेले गोवेकर काही थोडे नाहीत. म्हणून माझा विरोध दोघांनाही आहे. आपल्याच तालुक्याचा कागद आणि आपलाच १८७२ चा कायदा, एवढ्यावर पाया संपत नाही. नवराबायकोची मालमत्ता एक की दोन, हा प्रश्न पहिल्या वर्षी कुणी विचारतच नाही.

करार_एक
मांडवीपलीकडचा, हे मी खरंच शिकवत नाही, आणि शिकवायला हवं. पहिल्या सत्रातली, 'मोबदला' बिनधास्त लिही आणि पहिल्यांदा येईल तिथं शेजारी 'प्रतिफल' लिही. मी तपासत असते तर मार्क कापले नसते.

वकीलसाहेब, भाड्याच्या कराराचा मुद्दा मान्य. दस्तलेखकाबद्दल बोलले तो शब्द मागं घेते. क्रमाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

बांधावरचा
मॅडम, चुनचुन झा कालच वाचला. तुमचं बरोबर आहे, मी ३० वर्षांचं गृहीत धरून चाललो होतो. पण वाचताना मी काय करत होतो सांगू? प्रत्येक ओळीला आमच्या खरेदीखतातली किंमत बघत होतो. तेव्हाच्या भावाच्या निम्मीसुद्धा नाही. आणि जमीन पुढची पाच वर्षं वडीलच कसत होते, सातबाऱ्याच्या पीकपाहणीत त्यांचंच नाव आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तो हेतू आमच्या कागदांत दिसतोय, आणि केवळ अट वेगळ्या स्टॅम्पवर गेली म्हणून तो बघायला कोर्ट जाणारच नाही. हे तत्त्व मला त्या निकालातून कळलं, पण ते कागद हातात नसते तर तो निकाल मी परीक्षेपुरता वाचून सोडून दिला असता.

वकीलसाहेब, गावात अजून तीन घरं आहेत अशी. तारखा काढतोय.

करार_एक
दोन्ही कागदांच्या प्रती मला द्याल का? नावं आणि गट नंबर झाकून. पुढच्या सत्रात कलम ५८ घेण्याच्या आदल्या दिवशी मुलांना वाचायला देईन, काहीही न सांगता.