जंगलात जायच्या आधी घरात सगळ्यांनी मिळून वाचायला काय घ्यावं?

ठाणेकर_मीनल

दिवाळीच्या सुट्टीत नागझिरा ठरलंय. आम्ही दोघं, सहा वर्षांचा मुलगा, अकरा वर्षांची मुलगी (इंग्रजी माध्यम, मराठी वाचते पण अडखळत) आणि सासरे. सासरे पट्टीचे वाचक, पण मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून बारीक टाइप नको म्हणतात. जायच्या आधी महिनाभर रात्रीची जेवणं झाली की कुणीतरी मोठ्यानं वाचायचं, असा बेत आहे. प्राण्यांचे जाडजूड ज्ञानकोश घरात पडून आहेत, कुणी हात लावत नाही. काय घेऊ? वाघ असलाच पाहिजे असं काही नाही. मुलाला मात्र फक्त वाघच हवाय.

बर्डीचा_पुस्तकवाला

ताई, नागपुरात आमचं पुस्तकाचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासून. पेंच, नवेगाव, नागझिऱ्याला जाणारे लोक गाडी बाहेर उभी करून आत येतात अन् म्हणतात, ‘जंगलावरचं काहीतरी द्या पोरांसाठी.’ पोट्टं धावत जाऊन तोच चकचकीत ज्ञानकोश उचलतं. उघडलं की पहिल्या पानावर पेंग्विन! अन् जायचं कुठं, तर साकोलीकडे. माझं म्हणणं साधं आहे. ज्या पाखराचा आवाज गाडीतून उतरल्या उतरल्या कानावर पडणार, ते ज्यात आहे ते पुस्तक घ्या.

तुम्ही तिकडेच चाललात तर व्यंकटेश माडगूळकरांचं ‘नागझिरा’ पहिलं. त्यात थरार नाही, हे आधीच सांगतो. एक माणूस रानात जाऊन राहतो, बघतो आणि लिहितो, बस. माडगूळकर चित्रंही काढायचे, त्यामुळे जनावर कसं उभं आहे, मान कुठे वळली आहे, हे त्यांच्या वाक्यातही दिसतं. गिऱ्हाइकासमोर मी कुठलंही पान उघडून मोठ्यानं वाचून दाखवतो. वाचताना दम लागला तर ते पुस्तक रात्रीच्या वाचनाचं नाही. माडगूळकरांची वाक्यं आखूड, तिथे दम लागत नाही. तुमच्या मुलीलासुद्धा अर्धं पान जमेल.

त्यांचंच ‘सत्तांतर’ मात्र सहा वर्षांच्या मुलासमोर नको. वानरांच्या टोळीवर दुसरा हुप्प्या चालून येतो, सत्ता घेतो, पिल्लं मारली जातात. वानरांत असं खरोखर होतं. पुस्तक पातळ आहे, 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार आहे त्याला. मुलं झोपल्यावर तुम्ही दोघं अन् सासरे वाचा.

सासऱ्यांसाठी मारुती चितमपल्ली. वनखात्यात नोकरी केलेला माणूस, नवेगावला बरीच वर्षं काढली. घरची भाषा तेलुगू, अन् मराठी बघा काय लिहिली! 2025 मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये गेले. ‘रानवाटा’ घ्या, रोज एक लेख. ‘चकवा चांदणं’ हे आत्मचरित्र, पण ते जाड आहे, हातात धरून थकतील. टाइप मात्र दुकानात उघडून बघूनच घ्या. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांत फरक असतो, अन् ऑनलाइन फोटोत तो कळत नाही.

सहा वर्षांच्यासाठी जी. ए. कुलकर्णींचं ‘बखर बिम्मची’. हो, तेच ‘काजळमाया’वाले जी. ए. बिम्म नावाचं पोरगं, बब्बी त्याची बहीण, अन् पशुपक्षी त्याच्याशी बोलायला येतात. दरवेळी वेगळा आवाज काढून वाचावं लागतं, त्याची तयारी ठेवा.

पाटणची_बाई

मी शाळेत शिकवते. वरच्या यादीत झाडं कुठे आहेत? नागझिऱ्यात पाखरू दिसेल न दिसेल, झाड पळून जात नाही. डॉ. शरदिनी डहाणूकरांचं ‘वृक्षगान’ घ्या. त्या मुंबईच्या केईएममधल्या डॉक्टर, पण झाडाबद्दल लिहितात ते घरातल्या माणसाबद्दल लिहावं तसं. आणि मुलीला वही द्या, यादी करायला नको, पानं ठेवायला. फक्त जंगलातून पान तोडून आणायचं नाही, सोसायटीतली चालतील.

बर्डीचा_पुस्तकवाला

बाई, बरोबर पकडलंत. झाडांचाच विषय निघाला तर मुलीसाठी आणखी एक, वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’. आता म्हणाल, आपल्या रानातलं सांगत होता अन् थेट अमेरिकेत गेला! पण हे पुस्तक मी विदर्भातल्या पोरांना मुद्दाम देतो. शेतीशास्त्रज्ञ कार्व्हर 1896 मध्ये अमेरिकेतल्या अलाबामात टस्कीगीच्या संस्थेत शिकवायला गेले, तेव्हा तिथल्या जमिनी वर्षानुवर्षं नुसता कापूस घेऊन निकस झालेल्या. त्यांनी शेतकऱ्यांना भुईमूग लावायला सांगितलं, कारण त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात. यवतमाळचं पोट्टं हे वाचून लगेच म्हणतं, आमच्याकडे पण कापूसच आहे. मग बापाला प्रश्न विचारतं, अन् बाप मला फोन करतो.

न्यूजर्सीकर

थोडं अवांतर. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ इथे अमेरिकेत मुलांना वाचून दाखवायचा प्रयत्न करतोय. चैत्र म्हटलं की बाहेर नुकता बर्फ वितळलेला! काय करावं?

बर्डीचा_पुस्तकवाला

सलग वाचू नका, ते तसं वाचायचं पुस्तकच नाही. महिना लागला की त्या महिन्याचा लेख काढायचा, एक परिच्छेद वाचायचा, मग मुलांना खिडकीशी नेऊन विचारायचं की आज इथे काय फुललंय. दुर्गाबाईंनी 1956 मध्ये त्यांच्या भोवतालचं लिहिलं, तुमची पोरं त्यांच्या भोवतालचं लिहितील. इंग्रजीत लिहिलं तरी लिहू द्या. भाषा जड आहे खरी, तेवढी तुम्ही आधी वाचून सोपी करा.

ठाणेकर_मीनल

सगळ्यांचे आभार. ‘नागझिरा’, ‘रानवाटा’, ‘वृक्षगान’ आणि बिम्म नक्की. कार्व्हर मुलीच्या वाढदिवसाला. पण चिरंजीव अडून बसलेत, वाघ कुठाय म्हणून.

बर्डीचा_पुस्तकवाला

त्याला डॉ. प्रकाश आमटेंचं ‘रानमित्र’ द्या. हेमलकशाला शिकारी मेलेलं माकड घेऊन चालले होते, अन् त्याचं जिवंत पिल्लू अजून आईला चिकटून होतं. ते पिल्लू आमट्यांनी मागून घेतलं आणि तिथून त्यांचं प्राण्यांचं गोकुळ सुरू झालं. पुढे बिबटे आले, अस्वलं आली, घरच्यांसारखी वावरली. बिबट्या चालतो का, तेवढं विचारून सांगा.