मुक्त प्रकल्पाच्या संकेतस्थळाची मोजदाद: कोणतं अवजार, काय अनुभव?

खटपट्या
जुना सर्व्हर आवरताना एडब्ल्यूस्टॅट्सचे रंगीत पट्ट्यांचे तक्ते सापडले. पर्लमध्ये लिहिलेलं ते मोजणीचं म्हातारं अवजार अजून इमानेइतबारे लॉग (सर्व्हरची भेटींची नोंदवही) वाचतंय! तर आता दस्तऐवजांची कुठली पानं वाचली जातात, एवढं कळायला तुमच्याकडे काय आहे? गूगलचं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ ला थांबलं, ते दळण पुन्हा नको.

सुपारीबाग
आधी लॉगच बघा. गोअ‍ॅक्सेस (लॉग वाचून अहवाल देणारं अवजार) टाका, फॉरमॅट कम्बाइन्ड (लॉगची नेहमीची मांडणी) द्या, जुन्या दाबून ठेवलेल्या फायली झेडकॅटने उलगडून त्याला पाइप करा. पानावर स्क्रिप्ट नको, कुकी नको. मेख एकच: डेबियनवर एनजिनएक्स या वेबसर्व्हरचा लॉग रोज फिरतो, म्हणजे नवी फाइल सुरू होते, आणि १४ च फायली राहतात. महिन्याचा आकडा हवा असेल तर लॉगरोटेटमधला (लॉग फिरवणाऱ्या प्रोग्राममधला) रोटेटचा आकडा आजच वाढवा, गेलेलं परत येत नाही. क्रॉलर (आपोआप पानं चाळणारे बॉट) वगळायचा पर्याय लावा, तरी ब्राउझरचं सोंग घेतलेले बॉट उरतातच.

नाचणी
साइट गिटहब पेजेसवर, म्हणजे गिटहबच्याच सर्व्हरवर असेल तर लॉग हाती लागत नाही हो. तिथे पानात मोजणीची स्क्रिप्टच. रिपॉझिटरीचा ट्रॅफिक टॅबही १४ दिवसांपलीकडचं दाखवत नाही.

खटपट्या
१४ चं काय वाकडं आहे आपल्याशी?

बाराबंदी
मातोमो (पूर्वीचं पिविक), पानातल्या स्क्रिप्टने मोजणारं. पीएचपी आणि मारियाडीबी डेटाबेस लागतो, म्हणजे साध्या होस्टिंगवरही बसतं. पण अहवाल ब्राउझर उघडल्यावर तयार होतात ते बंद करून तासाला एकदा क्रॉनने (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेने) कोअर-आर्काइव्ह ही अहवाल बनवणारी आज्ञा चालवा, नाहीतर डॅशबोर्ड उघडला की सर्व्हर धापा टाकतो. क्रॉन वेबसर्व्हरच्याच वापरकर्त्याच्या नावाने. रूटने (सर्वाधिकारी खात्याने) चालवलं की टेम्प फोल्डरातल्या फायली रूटच्या होतात आणि मग परवानगीच्या चुका.
दुसरं, पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (मागण्या आत पाठवणारा मधला सर्व्हर) असेल तर कॉन्फिगच्या जनरल भागात प्रॉक्सी क्लायंट हेडर म्हणून एक्स-फॉरवर्डेड-फॉर सांगा, त्यात वाचकाचा खरा आयपी असतो.

चकलीताई
नाही सांगितलं तर सगळे वाचक १२७.०.०.१ वरून, म्हणजे सर्व्हरवरूनच. घरचंच कार्य! 😄

बाराबंदी
आणि आधीच्या नोंदी नंतर सुधारत नाहीत. कुकी बंद असेल तर आणखी वाईट, ओळख आयपी आणि ब्राउझरवरूनच धरतात, म्हणून अनेकांचा एकच माणूस होतो.

सुपारीबाग
हेच प्लॉझिबल या कुकी न वापरणाऱ्या अवजारालाही लागू. रोज बदलणारं मीठ (सॉल्ट, मिसळायचा गुप्त मजकूर), डोमेन, आयपी आणि युजर एजंट (ब्राउझरची ओळख सांगणारी ओळ) यांचा हॅश (त्यांच्यातून काढलेला ठसा) म्हणजे एक वाचक. मोबाइल कंपन्या एकाच आयपीव्ही४ पत्त्यामागे कितीतरी फोन बसवतात, आणि क्रोम आता अँड्रॉइड फोनांवर "अँड्रॉइड १०, के" एवढंच सांगतो, मॉडेल नाही. दहा जण एकात विरघळतात. डोमेनला एएएए (आयपीव्ही६ पत्त्याची) नोंद द्या आणि एनजिनएक्सला आयपीव्ही६ वरही ऐकू द्या. तिथे फोन एका पत्त्यामागे कोंबलेले नसतात, म्हणून आकडा खऱ्याजवळ सरकतो.
प्लॉझिबलला क्लिकहाउस हा डेटाबेस लागतो. २ जीबी रॅम धरून चला, ५१२ एमबीच्या यंत्रावर लाडात येऊ नका.

नाचणी
लहान प्रकल्पाला गोटकाउंटर. गो भाषेत लिहिलेली एकच फाइल, एसक्यूलाइट हा साधा डेटाबेस चालतो, आकडे सर्वांना खुलेही ठेवता येतात. मंडळींनी चालवलेल्या कामाचे आकडे मंडळींना दिसायलाच हवेत, असं माझं मत.

चकलीताई
बकरीच का पण? कुकरची शिट्टी झाली, नंतर बघते.

बाराबंदी
मराठी पत्त्यांचं कुणी बोललं नाही. देवनागरीचं एक चिन्ह म्हणजे ३ बाइट, आणि पत्त्यात प्रत्येक बाइटला टक्क्याची खूण नि दोन अक्षरं, म्हणजे चिन्हामागे ९. "स्थापना" ७ चिन्हांचं (स, ्, थ, ा, प, न, ा), ते लॉगमध्ये ६३ खुणांचं होतं. त्यावर ग्रेप (मजकूर शोधणारी आज्ञा) मारताना शब्द आधी तसाच एन्कोड करा.

खटपट्या
अरे, म्हणून "स्थापना" शोधल्यावर शून्य येत होतं! ग्रेपला दोष देत होतो. बरं, अ‍ॅडब्लॉकरवाल्यांचं काय करता?

सुपारीबाग
सोडून द्या. आपला वाचक तोच, मातोमोची स्क्रिप्ट नावानिशी अडवणारा. त्यांच्यापुरता लॉगच खरा. मातोमोची लॉग-आयात स्क्रिप्ट पायथनमध्ये आहे. पण तीच साइट आयडी लॉगला आणि पानातल्या स्क्रिप्टला दोन्हीकडे दिलीत तर एक माणूस दोनदा मोजला जातो, वेगळी साइट करा.