मदत हवी आहे: पिकअपचा पत्रा कुजलाय, प्रायमर कोणता मारू?

दर्यावर्दी_७: गाडीचा खालचा पत्रा गंजून पार चाळण झालाय. कोणता प्रायमर मारला की गंज थांबतो? १ ऑगस्टच्या आत गाडी रस्त्यावर हवी. उद्या पेंटरकडे नेतोय, लवकर सांगा.

छिन्नीहातोडा: कोणती गाडी, कोणतं साल? खालचा म्हणजे केबिनचा की हौद्याचा? आणि चाळण झाली असेल तर प्रायमर मारणार कशावर, भोकांवर?

दर्यावर्दी_७: दोन्हीकडचा. पिकअप आहे हे वर लिहिलंय की. फक्त प्रायमरचं नाव सांगा.

जुनी_जीप: आम्ही दर पावसाळ्याआधी खालून जळकं ऑईल मारायचो. कधी गंज बघितला नाही. प्रायमर वगैरे सगळी नाटकं.

छिन्नीहातोडा: काका, ते चांगल्या पत्र्याला. आता ऑईल फासलं तर वेल्डिंग करताना पेट घेईल. दादा, गाडीतून नेता काय?

दर्यावर्दी_७: मासळी. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून कोल्हापूर. २०१३ ची बोलेरो. त्याचा इथे काय संबंध?

छिन्नीहातोडा: सगळा संबंध तिथेच! क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी आंबा घाट चढताना मागे फाळक्याकडे (हौद्याच्या मागच्या दाराकडे) पळतं. तुमचा मागचा आडवा चॅनेल आणि बिजागऱ्या पहिल्या गेल्या असणार. केबिनमध्ये ओल्या पायांचं पाणी रबर मॅटखाली साचतं. मॅट उचला, जाड स्क्रू ड्रायव्हरने टोचत जा. जिथे ठणठण आवाज येतो तो पत्रा ठेवायचा, जिथे बद्द वाजतं तो कापायचा. मग बोलू.

कोल्हापुरी_स्टेअरिंग: एवढं कशाला भावा? फायबरची जाळी आणि रेझिन, वरून लांबी (पुट्टी). माझ्या टेम्पोला दोन हजारांत झालं.

छिन्नीहातोडा: किती दिवस टिकलं?

कोल्हापुरी_स्टेअरिंग: विकला मी तो नंतर.

फाळकापाटी: हौद्यात वरून अ‍ॅल्युमिनियमची चेकर प्लेट (उठावाच्या नक्षीचा जाड पत्रा) रिव्हेट मारून टाका. दिसायला पण भारी.

छिन्नीहातोडा: दोन धातूंच्या मध्ये खारं पाणी साचलं की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. आणि खाली काय चाललंय ते दिसतही नाही. हौद्यात लोखंडी चेकर प्लेटच घाला आणि पाणी जायला भोकं मोकळी ठेवा. केबिनला १८ गेजचा सीआर (कोल्ड रोल्ड) पत्रा, सीओटू गॅसच्या वेल्डिंगने. साध्या आर्कने पातळ पत्रा जळून भोकं पडतात.

फाळकापाटी: मग जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा वापरा ना, गंजतच नाही.

छिन्नीहातोडा: वेल्ड केला तिथलं जस्त जळून जातं, गंज तिथूनच सुरू. शिवाय तो पांढरा धूर नाकात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. मी एकदा भोगलंय.

टोरांटोकर: इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे तुमची व्यथा कळते. आम्ही दर वर्षी खालून तेलाचा फवारा मारून घेतो. पण तो काम झाल्यावर.

जुनी_जीप: म्हणजे ऑईलच ना? मी काय वेगळं सांगत होतो?

आरटीओ_अनुभवी: १५ वर्षं होत आली, भंगारात द्या. नियमच आहे.

कागदपत्रे: सरसकट १५ वर्षांचा नियम सरकारी गाड्यांना आहे. तुमच्या गाडीला ८ वर्षांनंतर दर वर्षी फिटनेस, तेवढं पास झालं पाहिजे. आणि ग्राइंडर चालवताना चासी नंबर घासू देऊ नका, नाहीतर पत्र्यापेक्षा मोठं काम होऊन बसेल.

बाजारहाट: सुरमईचा भाव काय चाललाय हो सध्या?

दर्यावर्दी_७: पावसाळ्याची मासेमारी बंदी आहे, कसली सुरमई! मॅट उचलली. क्लचखाली स्क्रू ड्रायव्हर टोचला तर मुठीपर्यंत आत गेला, पोराने खालून टोक धरून दाखवलं. केबिन जिथे चासीवर बसते त्या बोल्टाभोवतीचा पत्रापण पापुद्र्यासारखा सुटतोय. आता प्रायमर कोणता?

छिन्नीहातोडा: अहो प्रायमर राहू दे! ती माउंटिंगची जागा आहे. तिथे ठिगळ नको, जाड पत्र्याची पट्टी घालून मग वरचा फ्लोअर. क्रम असा: आधी गोड्या पाण्याने दोनदा धुवा, मीठ राहिलं तर वरचा कुठलाही रंग फुगतो. मग कापणं, वेल्डिंग. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा, मॅट आणि सीट बाहेर, डिझेलची नळी कुठून जाते ते बघा. सांध्यांना सीलंट. रंगाआधी हॅलोजन लावून पत्रा कोरडा करा, रत्नागिरीच्या जुलैत हवेनेच ओल धरते. आणि हो, इपॉक्सी प्रायमर. नुसता साधा रेड ऑक्साइड प्रायमर मासळीच्या गाडीला पुरत नाही.

कोल्हापुरी_स्टेअरिंग: लांबीने पण झालं असतं.

दर्यावर्दी_७: बरं. मग उद्या पेंटरला येऊ नको सांगू का?