देवाची धास्ती सुटली ती कशी? तुमचा अनुभव लिहा

मी नगरची. आमची आजी 60 वर्षं नेमानं चर्चला गेली, उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातली कितीतरी गीतं तिला तोंडपाठ होती. शेवटच्या आजारपणात एका रात्री माझा हात धरून तिनं विचारलं, "बाय, तो मला घेईल ना गं?" माझ्या पोटात गलबललं. एवढ्या भक्तीच्या तळाशी एवढी भीती होती आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. मी तिला बायबलमधलं योहानाचं पहिलं पत्र काढून चौथ्या अध्यायातलं वाचून दाखवलं, "पूर्ण प्रीती भीती घालवून देते." लगेच पुढे म्हटलंय की भीतीमध्ये शासन आहे. इथं शासन म्हणजे शिक्षा. शिक्षाच होणार असं मनानं धरलं की लेकरू बापाजवळ जाईल कसं? आजीनं ते वचन तीनदा वाचायला लावलं.

म्हणून विचारते आहे. उपदेश नको, आपल्यावर गुदरलेलं लिहा. नाव नको, गाव पुरे.

वसई
आम्ही कॅथलिक. पापनिवेदनाला, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करायला जाताना मी वहीच्या कागदावर यादी करून न्यायचे. बाहेर आले की एखादं पाप सांगायचं राहिलं असं वाटायचं, परत रांगेत उभी. 15 वर्षं हे चाललं. एका वयस्कर फादरांनी यादी वाचूच दिली नाही. म्हणाले, "लूकच्या 15व्या अध्यायातल्या धाकट्या मुलाचं बोलणं दोनदा वाच. आधी डुकरांजवळ बसून ठरवलेलं, मग बापासमोर बोललेलं." घरी ओट्यापाशी उभ्यानंच वाचलं. हा मुलगा बापाकडून घेतलेला वाटा उधळतो, डुकरं राखायची वेळ येते, तेव्हा घरी परततो. 19व्या वचनात त्यानं ठरवलंय, 'मला एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा' म्हणायचं. 21व्या वचनात ते वाक्यच नाही! तो तिथवर पोचायच्या आत बाप झगा आणायला सांगतो. भाजी करपली त्या दिवशी, मी रडत बसले होते. पापनिवेदनाला आजही जाते. कागद नेत नाही.

मिरज
माझ्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नाही. प्रार्थनेला येणाऱ्या एक बाई म्हणाल्या, घरात कोणाचं तरी पाप असेल, उपास धरा. मी धरले, अंगावर पिती मुलगी असताना. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणसाबद्दल हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशूनं दोन्ही नाही म्हटलं. मी त्या दिवशी पोटभर जेवले.

बीड जिल्हा
आजोबांच्या वेळी आखाडात मरीआईचा गाडा वेशीवर यायचा. पटकी, देवीची साथ, सगळं तिच्या कोपानं होतं असं गाव मानायचं. कोणाच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही, आमच्या घरातली भीती तेवढी सांगतो. वडिलांनी बाप्तिस्मा घेतला. मी लहानपणापासून येशूचं नाव घेत वाढलो, पण दशांश, म्हणजे कमाईचा देवाला द्यायचा दहावा हिस्सा, थकला आणि त्याच आठवड्यात म्हैस आटली, तर मी बायकोला म्हणालो, "बघ, हिशेब चुकता केला त्यानं." देव दुसरा, धास्ती तीच.

माझ्या बहिणीनं 4 वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. अंथरूण झटकताना त्याच्या उशीखाली भाकरीचे तुकडे निघायचे, वाळलेले, मुंग्या लागलेले. उद्या मिळेल का, इथं ठेवतील का, याचा त्या पोराला भरवसा नव्हता. बहीण त्याला एका शब्दानं बोलली नाही. रात्री भाकरीचं टोपलंच त्याच्या उशाशी आणून ठेवायची, झाकण काढून. सात-आठ महिने गेले. मग उशीखाली काही सापडेनासं झालं.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात पौल म्हणतो, पुन्हा भ्यायला लावणारा दासपणाचा आत्मा तुम्हाला मिळालेला नाही, दत्तकपणाचा मिळाला आहे. मी ते शंभर वेळा ऐकलं असेल. कळलं ते त्या टोपल्यापाशी. दशांश मी आजही देतो, पण म्हशीकडे बघत देत नाही.

सोलापूर
सगळं मान्य, पण बायबलच्या नीतिसूत्रांत परमेश्वराचं भय हाच ज्ञानाचा आरंभ म्हटलंय. भीती अजिबात नको म्हटलं तर पोरं देवाला गृहीत धरतील. माझे वडील कडक होते, म्हणून मी वाया गेलो नाही.

नगर (धागा माझाच)
दादा, तुमचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. निर्गम 20:20 काढून बघा. सीनाय पर्वताशी मोशे लोकांना भिऊ नका म्हणतो, आणि त्याच वचनात देवाचं भय तुमच्यापुढे राहावं असंही म्हणतो. दोन्ही भयं एक कशी असतील? एकानं माणूस पापापासून मागे सरतो. दुसऱ्यानं लोक देवापासूनच मागे सरले होते, लांब जाऊन उभे राहिले होते. आजी त्या दुसऱ्या भीतीत होती.

पुणे
माझी भीती अजून गेलेली नाही. मिस्टर जाऊन 2 वर्षं झाली. पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडते. पूर्वी वाटायचं, विश्वास कमी पडला म्हणून असं होतंय, आणि त्याचीच आणखी भीती. आता दिवा लावत नाही, बायबल शोधत नाही. पडल्या पडल्या "बापा" म्हणते. कधी झोप लागते, कधी दूधवाल्याची घंटी ऐकू येईपर्यंत तेच म्हणत असते.